किशिनावला मेस

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

कौस्तुभचा फोन. इकडे फ्लॉवर करपला तरी जयसिंगचं बोलणं संपेना! शेवटी मीच गॅस बंद केला आणि फोन स्पीकरवर टाकून ऐकत उभी राहिले. (जयसिंग असं फक्त इथे, कागदावर. घरात 'अहो'.)

कौस्तुभ लातूरचा. इथल्या विद्यापीठात होता तेव्हा चारही वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिला, आमच्याच मेसमध्ये जेवला. आता मोल्डोव्हात आहे — राजधानीत, किशिनावला, सॉफ्टवेअर कंपनीत. म्हणतो, "काकू, इथे मेडिकलला आपली एवढी पोरं आहेत आणि सगळी मॅगीवर जगतायत. तुम्ही मेस काढा. कंपनी उघडायला फार त्रास नाही. जागा बघून ठेवलीय. देश छोटाय, गरीब आहे, पण युरोपियन युनियनमध्ये जाणार आहे. आत्ताच शिरलं पाहिजे."

आत्ताच शिरलं पाहिजे! हे वाक्य आमच्या लवळ्यात प्रत्येकाने ऐकलंय. रिंग रोड येणार, आत्ताच घ्या. मेट्रो येणार, आत्ताच घ्या. फक्त तेव्हा जमीन आमची होती आणि घेणारे दुसरे.

जयसिंगचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. पन्नाशीला आलेला माणूस इतका कोवळा दिसू शकतो!

११ नोव्हेंबर

नकाशात शोधलं. एका बाजूला रोमानिया, दुसऱ्या बाजूला युक्रेन. जयसिंगला म्हटलं, अहो, शेजारी युद्ध चाललंय. म्हणाला, "मग? बांधावरनं आपलं बी चालूच हाय की वीस वर्सं."

हसले. पण हसून प्रश्न सुटत नाही.

१४ नोव्हेंबर

गोष्ट एवढीच आहे. रस्त्याकडेची जमीन दोन वर्षांपूर्वी विकली. पैसे बँकेत तिघांच्या नावावर — आत्याबाई, जयसिंग, मी. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय हलायचे नाहीत. हा नियम मीच घालायला लावला. गावात काय काय झालं ते डोळ्यांसमोर होतं — गाड्या आल्या, बँकॉकच्या सहली झाल्या, आणि आता तीच माणसं आपल्या विकलेल्या शेताच्या फाटकावर वॉचमन आहेत.

आत्याबाईंनी आजच सही करून टाकली. "माझ्या ल्योकाला एवढं हौसंनं कायतरी करावं वाटतंया. जाऊ दे की."

उरली माझी.

सीए म्हणाले, परदेशी पैसे पाठवायला परवानगी मिळते, मर्यादेत राहा, कागद नीट ठेवा. म्हणजे त्यांच्यामागेही लपता येणार नाही. मग मी का अडून बसलेय? बी.कॉम. झाले म्हणून? ही सावधगिरी आहे की भीती? तोंडात दोन्हीची चव सारखीच लागते.

२० नोव्हेंबर

कौस्तुभने हिशोब पाठवला. भाडं, किराणा, गॅस, दोन माणसं, पोरांचे महिन्याचे पास. बाराही महिने सारखे. सुरेख रंग भरले होते!

फोन करून विचारलं, "कौस्तुभ, पोरं सुट्टीला घरी जात नाहीत का रे?"

"जातात ना काकू. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे इंडियात."

"मग तेव्हाचे पास कोण घेणार? आणि भाडं?"

चार वर्षं ज्याने माझ्याकडून एकेका दिवसाचा खाडा भांडून मांडून घेतला — "काकू, मंगळवारी नव्हतो मी, पैसे कापा!" — तो पोरगा खाडा विसरला! मे महिन्यात लवळे कसं ओस पडतं, कॅन्टीनवाले कसे माश्या मारतात, हे मेसवाल्याला सांगावं लागत नाही.

"काकू, तुम्हीच इथे पाहिजे होतात," तो म्हणाला.

दिवसभर बरं वाटत होतं. का? पैसे वाचले म्हणून, की माझं डोकं चाललं म्हणून? दुसरंच असावं. लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर

किशिनाव: उणे दोन. आपल्याकडे सकाळी बारा अंश. तेवढ्या थंडीला आत्याबाई कानटोपी घालून शेकोटीला!

२ डिसेंबर

जागा ज्या बाईची आहे तिच्याशी व्हिडिओवर बोललो. वेरोनिका. माझ्याच वयाची असेल. तिथल्या विद्यापीठाजवळ तिची जुनी खाणावळ आहे, सध्या बंद. इंग्रजी माझ्याइतकंच — म्हणजे अडखळत, पण अडत नाही. तिने फोन फिरवून भिंती दाखवल्या, चूल दाखवली, गार पाण्याचा नळ सोडून दाखवला. मी विचारलं, सांडपाणी कुठे जातं? ती हसली. म्हणाली, आतापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तिने गावाकडची आईची जमीन दाखवली. अक्रोडाची झाडं, खाली काळीभोर माती. जयसिंग फोनात शिरायचाच बाकी होता! "शुभांगी, माती बघ! कोथिंबीर टाक, मेथी टाक — मेसची भाजी घरचीच." मग हळूच, "आन् जमीन इकली की जमीनच घ्यायची. आबा काय म्हनायचे?"

मामंजी तेच म्हणायचे खरं. जमिनीचा पैसा जमिनीत. आता इथे, मुळशीत, ज्या भावाने विकली त्या भावाने गुंठाही परत येणार नाही. म्हणून ह्याची नजर अक्रोडांवर!

८ डिसेंबर

कपाळाला हात लावला आज.

हिंजवडीच्या एका बाईंचा मुलगा किशिनावला शिकतो, काल परत गेला. त्याच्याबरोबर जयसिंगने वेरोनिकासाठी एक पुडी पाठवली. मला आता सांगतोय. लाल कापडात सुपारी, हळदकुंकू आणि एकशे एक रुपये.

"हे काय?"

"इसार."

"कशाचा इसार?"

"अक्रोडाच्या रानाचा. शबुद टाकून ठेवला. न्हाईतर दुसरा कोन तरी घुसायचा."

"अहो, त्यांनी विकायचीय असं तरी म्हटलंय का?"

"नारळ बी देनार हुतो. पोरगं म्हनलं, इमानात नेऊ देत न्हाईत."

किती वेळ हसत होते. गौतमी कॉलेजातून आली, तिला सांगितलं, तीही हसली — "पप्पा, इंटरनॅशनल इसार!" जयसिंग मात्र गंभीर. त्याच्या लेखी व्यवहार झाला. सुपारी घेतली की शब्द पक्का. त्याच्या ह्या भाबडेपणावरच मी लग्नात भाळले होते आणि त्याच भाबडेपणापायी सही अडवून बसले आहे.

१९ डिसेंबर

वेरोनिका येतेय! जानेवारीत, आठवडाभर. तिने कौस्तुभला सांगितलं, ज्यांच्याबरोबर धंदा करायचा त्यांचं स्वयंपाकघर आधी बघायचं. माझ्याही मनात हेच होतं, पण मला वाटलं होतं तपासणारी मी आहे.

२७ डिसेंबर

किशिनाव: उणे चार. 'बुना झिवा' म्हणजे नमस्कार. पाहुणी येणार म्हणून शिकतेय.

५ जानेवारी २०२५

रस्त्याचं चित्र असतं ना फोनवर, आपण चालत गेल्यासारखं — तसं खाणावळीपासून मेडिकल कॉलेजपर्यंत जाऊन आले. पोरांना यायला लांब पडतं का ते बघायला. मग कोपऱ्यावर एक बाग दिसली, तिथेही वळले. ते मात्र कशाला, कोण जाणे.

११ जानेवारी, शनिवार

आली. रुंद खांद्यांची, केस आखूड, हातात दोन पिशव्या. एकीत कपडे, दुसरीत अक्रोड आणि मक्याचं पीठ. आत्याबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला काही कळलं नाही, पण मान बरोबर खाली केली.

चहा झाल्यावर तिने पर्समधून ते लाल कापड काढलं. तसंच पुन्हा बांधलेलं! गाठ सोडून सुपारी दाखवत म्हणाली, "माझी आई विचारते, हे काय आहे? तिने अक्रोडाच्या हातोडीने फोडून बघितलं. फुटत नाही."

आत्याबाई हसून हसून खोकायला लागल्या. जयसिंग उठून उभा राहिला. शर्ट खाली ओढला आणि सगळं सांगितलं — रान आवडलं, आमच्यात असा शब्द देतात, आईंना माझा रामराम सांगा. मी इंग्रजी करत गेले. शब्द सगळे सापडले, फक्त 'इसार'ला सापडला नाही.

वेरोनिका हसत होती ती थांबली. फोनात काहीतरी लिहून तिने आमच्यापुढे धरलं. मराठी मोडकंतोडकं उमटलं होतं, पण अर्थ स्वच्छ: आमच्या देशात परदेशी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. कायदा आहे.

जयसिंगने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "बराबर हाय. असाच पायजे कायदा." आणि चप्पल घालून बाहेर गेला.

मला हे आधी तपासता आलं असतं. सांडपाणी विचारलं, सुट्ट्या विचारल्या — हेच तेवढं विचारणं सुचलं नाही. की सुचूनही विचारलं नाही, म्हणजे त्याचा उत्साह टिकावा? नेमकं माझंच मला सांगता येत नाही.

१२ जानेवारी

वेरोनिकाने तिच्याकडचा पदार्थ केला. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घोटत राहायचं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ही म्हनती पदार्थ! आगं, हा तर घाटा!" मग उलथनं तिच्या हातातून घेतलं. "अशी न्हाई, गुठळ्या होत्याल. सरक." दोघी दोन भाषांत भांडत होत्या आणि घाटा सुंदर झाला.

रविवारच्या जेवणाला पोरं भरपूर होती. वेरोनिका कोपऱ्यात बसून फक्त बघत होती. मी कुणाला आग्रह करते, कुणाला नाही. कुणाचं ताट बघून 'बरं नाही का रे' विचारते. नंतर म्हणाली, "तू ताटं बघत नाहीस. तोंडं बघतेस."

१३ जानेवारी

तिला माहेरी घेऊन गेले, कोळवणला. भात निघालेला, खाचरं उघडी. वाटेत फार्महाऊसची फाटकं एकापाठोपाठ एक.

"ही घरं कुणाची?"

"शहरातल्या लोकांची. शनिवार-रविवारी येतात."

"आणि ज्यांची जमीन होती ते?"

"इथेच असतात."

ती गाडीच्या काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या गावातही घरांना कुलपं आहेत. पण ती गाववाल्यांचीच घरं. माणसं इटलीत. तुमच्याकडे सगळ्यांना यायचंय. आमच्याकडे कुणालाच राहायचं नाही."

स्वतः नऊ वर्षं इटलीत होती. परक्या म्हाताऱ्यांची सेवा करत. मुलगी आजीजवळ वाढली. "परत आले तेव्हा ती माझ्या आईला 'मामा' म्हणत होती. आमच्याकडे मामा म्हणजे आई." रडली नाही. मीच रडले, आणि मग तिनेच मला रुमाल दिला!

परत येताना व्यवहाराचं बोलली. अगदी सरळ. "तुझ्या नवऱ्याला माझी झाडं आवडली. मला ते आवडलं. पण मला झाडांसाठी माणूस नकोय. उन्हाळ्यात पोरं घरी जातात हे ज्याला आधी कळतं, तो माणूस हवाय. आणि जे कोणी येईल त्याला तीन महिने येऊ दे, घरी जाऊ दे, परत येऊ दे. माझ्यासारखं करू नका."

"मी त्यांना नीट समजावून सांगीन," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

१७ जानेवारी

वेरोनिका आज गेली. निघताना जयसिंगला एकशे एक रुपये परत द्यायला लागली. त्याने हात मागे घेतला. "मागं फिरतोय मी. मग इसार माझा बुडाला. रीत हाय." तिला समजावून सांगितलं. तिने ते कापड पुन्हा बांधलं आणि छातीशी धरून त्याला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. काय ते विचारायचं राहिलं.

ती गेल्यावर जयसिंग ओसरीवर बसला. "चला. झालं. जमीन न्हाई तर तितं जाऊन मी काय करू? ताटं धुवू?" मग माझ्याकडे बघून कसनुसं हसला. "तुझंच बराबर हुतं. सही न्हाई केली ते बेस झालं."

मिटलं! पैसे बँकेत, माणूस घरात. सुटले असं वाटायला हवं.

वाटलं नाही. संध्याकाळच्या पोळ्या लाटताना मध्येच पोळपाट आत्याबाईंकडे सरकवला आणि परसात जाऊन उभी राहिले.

१८ जानेवारी

किशिनाव: उणे सहा. बर्फ.

आता कशासाठी बघितलं?

२० जानेवारी

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले.

"शुभे, रोज उटून फोनात थंडी कुटली बघती गं?"

"तिकडची. सवय लागली."

"सवय व्हय!" सुपातून खडा काढून फेकला. "तुला जायचंय का?"

मी हसले. "मला? आणि मेस कोण बघणार?"

"मी काय मेली का? जयसिंग्या हाय. चार ताटं वाढली तर हात झडायचे न्हाईत त्याचे."

"गौतमीचं कॉलेज..."

"तिला काय पाळन्यात घालायचीय? त्या गोऱ्या बाईनं काय सांगितलं? तीन म्हैने. मी इंग्रजी शिकले न्हाई, पर तू घरी येऊन सांगितलंस तवा तुजं त्वांड बघितलं मी."

मी पुन्हा नाही म्हणाले नाही. एवढंच घडलं.

म्हणजे मी सही पैशांसाठी अडवली नव्हती. युद्धासाठी नाही, सुट्ट्यांसाठी नाही. तो जाणार आणि मी पोळ्या लाटत राहणार, हे मला सोसत नव्हतं — आणि ह्याला मी सावधगिरी म्हणत होते! चव्वेचाळीस वर्षांची बाई. कौस्तुभ म्हणाला होता, तुम्हीच इथे पाहिजे होतात. किती गोड लागलं होतं.

आणि आता सांगू कसं? स्वप्न त्याचं. ते त्याच्या हातातून गळेपर्यंत थांबून मग मी उचलायचं? ह्याला काय म्हणतात?

२३ जानेवारी

सांगितलं. लपवलं नाही काहीच, थंडी बघण्यापासून सगळं. शेवटी म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. मनात काही ठेवणार नाही." हे शेवटचं वाक्य खोटं होतं, तेही सांगून टाकलं.

त्याने ऐकून घेतलं. मग गाडी काढली आणि गेला.

२४ जानेवारी

अजून बोललेला नाही. पण जेवला, आणि ताट स्वतः उचललं.

२७ जानेवारी

बँकेचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "कर सही." चेहऱ्यावरून काही कळेना. "कशासाठी?" एवढं विचारलं. "मेस काढायची ना? मग." आणि खिशातलं पेन काढून दिलं, टोपण उघडून.

कोण जाणार ते तो बोलला नाही. मी विचारलं नाही. सही केली.

१८ फेब्रुवारी

दुपारी पोरांची पंगत बसली असताना पोलीस ठाण्यातून हवालदार आले, पासपोर्टच्या पडताळणीला. मला म्हणाले, "ताई, जयसिंगरावांना बोलवा, त्यांचा जबाब पाहिजे." तेवढ्यात आमटीची बादली घेऊन जयसिंगच बाहेर आला. शर्टावर हळदीचा डाग. "माझा कशाला, साहेब? भायेर ती चाललीय. मी हितंच हाय. बसा, ताट वाढतो."